विश्लेषण : २०११चा लॅपटॉप आणि ९६ कोअरचे वर्कस्टेशन, दोन्हींवर २.५ गिगाहर्ट्झच, मग फरक कुठे?

मुंबईतील लॅमिंग्टन रोड असो की तालुक्याच्या ठिकाणचे एखादे संगणक दुरुस्तीचे दुकान, जुना लॅपटॉप घ्यायला आलेला ग्राहक साधारण दोनच प्रश्न विचारतो. ‘आय५ आहे का?’ आणि ‘किती गिगाहर्ट्झ?’ दुकानदारही बऱ्याचदा याच दोन उत्तरांवर किंमत सांगतो. कंपन्यांनी काही वर्षे वापरून काढलेले लॅपटॉप या बाजारात येतात. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यापासून हिशेब ठेवणाऱ्या किराणा दुकानदारापर्यंत अनेकांचा पहिला संगणक इथूनच घरी जातो. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’चा नियमित सपोर्ट थांबवला. तेव्हापासून घरात असलेल्या लॅपटॉपबद्दलही ‘हा अजून चालवावा की टाकून द्यावा?’ असा प्रश्न पडू लागला आहे.

स्टिकरवरचा आकडा या प्रश्नाचे उत्तर देत नाही. तो किती फसवा असू शकतो, हे पाहण्यासाठी दोन टोकांचे प्रोसेसर शेजारी ठेवू. एक २०११च्या ऑफिस लॅपटॉपमधला, दुसरा अतिशय ताकदवान वर्कस्टेशनमध्ये बसणारा. मधे बारा वर्षांचे अंतर. तरीही दोन्हींच्या माहितीपत्रकात मूळ वेग म्हणून एकच आकडा छापला आहे, २.५ गिगाहर्ट्झ.

कोणते दोन प्रोसेसर?

पहिला इंटेलचा कोअर आय५-२५२०एम. २०११च्या सुरुवातीला आलेला हा प्रोसेसर ‘सँडी ब्रिज’ पिढीतला. थिंकपॅड टी४२० आणि एक्स२२० यांसारख्या ऑफिस लॅपटॉपमध्ये तो असे. हे लॅपटॉप इतके दणकट निघाले, की जुन्या बाजारात ते आजही दिसतात. यात २ कोअर आहेत. कोअर म्हणजे प्रत्यक्ष आकडेमोड करणारा स्वतंत्र विभाग. प्रत्येक कोअर एका वेळी कामाचे दोन थ्रेड सांभाळतो, म्हणून विंडोजला ते ४ दिसतात. आतली कॅश मेमरी ३ एमबी, विजेची मर्यादा ३५ वॉट आणि रॅम जास्तीत जास्त १६ जीबी.

दुसरा एएमडीचा रायझन थ्रेडरिपर प्रो ७९९५डब्ल्यूएक्स. ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर झालेला. चित्रपटांचे व्हिज्युअल इफेक्ट्स, वाहनांच्या धडकेचे संगणकीय प्रयोग, लाखो ओळींच्या सॉफ्टवेअरची बांधणी अशा कामांसाठी तो विकला जातो. त्यात ९६ कोअर, १९२ थ्रेड, ३८४ एमबी एल३ कॅश आहे. विजेची मर्यादा ३५० वॉट, रॅम २ टीबीपर्यंत. जाहीर किंमत ९,९९९ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने आठ लाख रुपयांच्या वर. आणि ही फक्त प्रोसेसरची. मदरबोर्ड, रॅम, कूलर, पॉवर सप्लाय सगळे वेगळे. गंमत म्हणजे एवढे पैसे मोजूनही या प्रोसेसरमध्ये चित्र पडद्यावर दाखवणारा ग्राफिक्स विभाग मिळत नाही, त्यासाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यावे लागते. २०११च्या आय५ मध्ये तो चिपच्या आतच होता.

गरज पडल्यास दोघेही थोडा वेळ मूळ वेगापेक्षा जास्त धावतात. जुना ३.२ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, नवा ५.१ पर्यंत. एएमडीने २०२५ मध्ये याची पुढची आवृत्ती, ९९९५डब्ल्यूएक्स, आणली. तिचाही मूळ वेग २.५ गिगाहर्ट्झच आहे.

हा आकडा पुढे का सरकत नाही?

गिगाहर्ट्झ म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके. २.५ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला अडीचशे कोटी ठोके. एका ठोक्यात किती काम उरकते, हे त्या आकड्यात कुठेही येत नाही. तरीही नव्वदच्या दशकात हा आकडा पाहून संगणक घेणे चुकीचे नव्हते, कारण तेव्हा तो खरोखरच दर दोन-तीन वर्षांनी झपाट्याने वाढत होता.

त्यामागे एक भौतिक सोय होती. रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले होते, की ट्रान्झिस्टर लहान करताना त्याला लागणारा व्होल्टेजही त्याच प्रमाणात कमी करता येतो. त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसवून, ते जास्त वेगाने चालवूनही चिप अधिक तापत नाही. अनेक दशके उद्योग याच सोयीवर चालला. २००५च्या आसपास ती संपली. ट्रान्झिस्टर इतके लहान झाले, की व्होल्टेज आणखी उतरवला तर ते नीट बंदच होईनात आणि वीज झिरपत राही. व्होल्टेज तसाच ठेवून ठोके वाढवले तर उष्णता आवरत नव्हती.

ऑक्टोबर २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणण्याची योजना रद्द केली. ३.८ वर येऊन गाडी थांबली. त्याच महिन्यात एका परिषदेत कंपनीचे तेव्हाचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी व्यासपीठावर गुडघे टेकून थट्टेने माफीही मागितली होती. त्यानंतर दिशा बदलली. एकच कोअर पळवत नेण्याऐवजी एका चिपवर अनेक कोअर बसवायचे, असे ठरले.

थ्रेडरिपरचा मूळ वेग २.५ वर का आहे, हे यावरून कळते. ३५० वॉट ९६ कोअरमध्ये वाटले, तर एकेकाच्या वाट्याला साधारण ३.६ वॉट येतात. जुन्या लॅपटॉपमध्ये ३५ वॉट दोघांतच वाटले जात, म्हणजे प्रत्येकी १७.५ (त्यातला थोडा वाटा ग्राफिक्स घेई). दोन्ही कंपन्यांची वॉट मोजण्याची पद्धत तंतोतंत सारखी नाही, पण अंदाज यायला हा हिशेब पुरेसा आहे. तेवढेच ठोके आणि वीज पाचव्या भागाने. बारा वर्षांची खरी कमाई आहे ती ही. स्टिकरवर ती कुठेच दिसत नाही.

एका ठोक्यात जास्त काम

प्रोसेसर सूचना एकामागून एक वाचतो, पण त्याच क्रमाने पार पाडतो असे नाही. एखादी सूचना माहितीसाठी अडून बसली, तर तो पुढच्या सूचना चाळतो आणि ज्या आत्ता करता येतील त्या उरकून घेतो. एसटीच्या तिकीट खिडकीवर सुट्टे पैसे शोधणाऱ्याला बाजूला उभे करून मागच्यांना तिकीट द्यावे, तसे. सँडी ब्रिजचा कोअर अशा १६८ सूचना एका वेळी डोळ्यांसमोर ठेवू शकतो. थ्रेडरिपरमधला ‘झेन ४’ कोअर ३२० ठेवतो. पुढे कार्यक्रम कोणत्या फाट्याने जाईल याचा अंदाजही नवा कोअर अधिक अचूक बांधतो. त्यामुळे चुकीच्या वाटेने केलेले काम फेकून द्यावे लागण्याची वेळ कमी येते.

दशांश चिन्हांच्या आकडेमोडीत फरक आणखी स्पष्ट आहे. जुना कोअर एका ठोक्यात अशी जास्तीत जास्त ८ गणिते करतो, नवा १६. आता कागदावर हिशेब मांडू. जुना : २ कोअर, ८ गणिते, अडीचशे कोटी ठोके, म्हणजे सेकंदाला ४० अब्ज गणिते. नवा : ९६ कोअर, १६ गणिते, तेवढेच ठोके, म्हणजे ३,८४० अब्ज. ठोके तेच, काम ९६ पट आणि विजेची मर्यादा दहापट.

या आकड्याचा आवाका समजायला एक तुलना उपयोगी पडते. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचा ‘परम पद्म’ हा महासंगणक २००३ मध्ये सुमारे १ टेराफ्लॉपचा, म्हणजे सेकंदाला एक हजार अब्ज गणितांचा होता आणि जगातल्या पहिल्या पाचशेच्या यादीत त्याने जागा मिळवली होती. त्यासाठी कपाटांच्या रांगा लागल्या होत्या. आज टेबलाखालच्या एका खोक्यातला एक प्रोसेसर, निदान कागदावर, त्याच्या तिपटीहून पुढे आहे.

‘निदान कागदावर’ हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत.

९६ आचारी, पण कोठीघराचे दार?

एवढे कोअर एका चिपवर बसवणे हेच अवघड होते. मोठी चिप बनवताना तिच्यात एखादा दोष निघण्याची शक्यता वाढते आणि एका दोषापायी अख्खी चिप वाया जाऊ शकते. एएमडीने यावर तुकड्यांचा उपाय काढला. थ्रेडरिपरच्या झाकणाखाली प्रत्येकी ८ कोअरचे १२ तुकडे आहेत आणि मधोमध रॅम आणि इतर उपकरणांशी बोलणारा तेरावा. एक तुकडा बिघडला तर तेवढाच बाजूला काढायचा. अशा ८ कोअरच्या एकाच तुकड्यात सुमारे ६५० कोटी ट्रान्झिस्टर आहेत. जुन्या आय५ची संपूर्ण चिप सुमारे ६२ कोटींची होती.

पण कोअरना काम करायला माहिती लागते आणि ती रॅममधून यावी लागते. २.५ गिगाहर्ट्झला एक ठोका ०.४ नॅनोसेकंदाचा. रॅममधून काही मागवले तर ते हाती यायला आजही ८० ते १०० नॅनोसेकंद लागतात. म्हणजे कोअर दोनशेहून अधिक ठोके वाट पाहत बसतो. २०११ मध्ये परिस्थिती फार वेगळी नव्हती. रॅममधून एका वेळी येणारी माहिती खूप वाढली आहे, ती यायला लागणारा वेळ मात्र फारसा कमी झालेला नाही.

आता माहिती किती येते ते पाहू. जुन्या लॅपटॉपला रॅमच्या दोन वाहिन्या होत्या आणि त्यांतून सेकंदाला २१.३ जीबी माहिती येऊ शके. थ्रेडरिपरला आठ वाहिन्या आहेत आणि ३३२.८ जीबी. जवळपास सोळापट, छानच. पण कोअर किती पटींनी वाढले? अठ्ठेचाळीस. भागाकार केला तर जुन्याच्या प्रत्येक कोअरला सेकंदाला साडेदहा जीबीहून जास्त मिळत होते. नव्याच्या प्रत्येक कोअरला साडेतीनसुद्धा पुरते मिळत नाहीत. आठ लाखांच्या प्रोसेसरमधल्या कोअरच्या ताटात २०११च्या लॅपटॉपमधल्या कोअरच्या एक तृतीयांश वाढले जाते.

लग्नघरच्या स्वयंपाकासारखे हे आहे. मांडवात ९६ आचारी उभे केले, पण कोठीघराचे दार तेवढे रुंद झाले नाही, तर निम्मे आचारी पिठाची वाट पाहत उभे राहतील. उपाय एकच, ज्याच्या-त्याच्या हाताशी सामान आधीच आणून ठेवायचे. कॅश मेमरीचे काम तेच. जुन्यात प्रत्येक कोअरमागे दीड एमबी सामायिक कॅश होती, नव्यात ४ एमबी. त्याशिवाय कोअरची स्वतःची एल२ कॅश २५६ केबीवरून १ एमबी झाली आहे. ३८४ एमबीचा आकडा म्हणूनच आहे, तो भपका नाही.

मग प्रत्यक्षात किती पट वेगवान?

काम कोणते, यावर उत्तर अवलंबून आहे. जीन अमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेला एक साधा मुद्दा इथे लागू पडतो. कोणत्याही कामाचा काही भाग अनेकांत वाटता येतो, काही भाग एकामागून एकच करावा लागतो. तो दुसरा भाग शेवटी वेग ठरवतो.

एका कोअरला १०० मिनिटे लागणारे काम घेऊ. त्यातली ९९ मिनिटे वाटता येण्याजोगी असतील, तर ९६ कोअरवर ते दोन मिनिटांच्या थोडे वर जाईल, म्हणजे जवळपास ४९ पट लवकर. ९० मिनिटेच वाटता येत असतील, तर ११ मिनिटे लागतील, नऊ पट लवकर. आणि निम्मेच वाटता येत असेल, तर ५० मिनिटे कुठेच जात नाहीत; ९६ कोअर लावून वेग फक्त दुप्पट होतो. उरलेल्या वेळेत ९५ कोअर हात बांधून बसतात.

त्रिमितीय चित्राचे रेंडरिंग पहिल्या प्रकारात मोडते. पडद्याचे तुकडे पाडा, प्रत्येक कोअरला एक द्या, कुणाला कुणाची वाट पाहावी लागत नाही. तिथे थ्रेडरिपर खरोखर दिवसाचे काम मिनिटांवर आणतो. मोठ्या सॉफ्टवेअरची बांधणी, हवेच्या प्रवाहाचे गणित यांचेही बहुतांशी तसेच, जोवर रॅमचा रस्ता तुंबत नाही तोवर. शिवाय दोन दिवस चालणाऱ्या गणितात रॅममधला एखादा बिट उलटला तर सगळेच चुकू शकते. म्हणून वर्कस्टेशनमध्ये अशी चूक पकडून दुरुस्त करणारी ईसीसी रॅम वापरतात. ऑफिस लॅपटॉपमध्ये ती सोय नसते.

आणि वर्डची फाइल उघडणे, मराठीत टायपिंग, एक्सेलमधली पगारपत्रके, ब्राउझरमधले एक पान? यांतले बरेचसे काम एकदोन कोअरवरच होते. तिथे कामी येते ती एका कोअरची ताकद. ठोके ३.२ वरून ५.१, म्हणजे १.६ पट, प्रत्येक ठोक्यात होणारे काम वाढलेले धरले तर एकंदर ढोबळमानाने अडीच ते तीन पट. फरक जाणवण्याजोगा आहे. पण ९६ कोअर असलेल्या यंत्रावर फाइल ९६ पट लवकर उघडेल, अशी आशा कुणी धरू नये.

महागडी चूक इथे होते

हा मुद्दा फक्त जुन्या लॅपटॉपवाल्यांचा नाही. लहान आर्किटेक्ट कार्यालये, टूल-रूम, डिझाइनचे काम घेणारे छोटे उद्योजक ‘एकदाच घ्यायचे तर चांगले घेऊ’ म्हणत जास्तीत जास्त कोअरच्या यंत्राकडे वळतात. पण ऑटोकॅडसारखे सॉफ्टवेअर बहुतांश वेळ एकच कोअर वापरते, हे ते बनवणारी ऑटोडेस्क कंपनीही सांगते. त्या कामासाठी एएमडीचाच रायझन ९ ७९५०एक्स हा २०२२चा १६ कोअरचा डेस्कटॉप प्रोसेसर घेतला, तर त्यातला कोअर त्याच झेन ४ पिढीचा आहे आणि तो ५.७ गिगाहर्ट्झपर्यंत धावतो. म्हणजे थ्रेडरिपरपेक्षाही पुढे. त्याची सुरुवातीची किंमत होती ६९९ डॉलर. चौदापट पैसे भरून रेषा काढायला थोडा जास्तच वेळ, असा तो सौदा ठरतो.

शिवाय विंडोज ६४ लॉजिकल प्रोसेसरचा एक गट धरते. १९२ थ्रेडचे एकाहून अधिक गट पडतात आणि हे लक्षात न घेता लिहिलेली जुनी सॉफ्टवेअर एकाच गटात अडकून राहू शकतात. उरलेले कोअर विकत घेतलेले असतात, वापरले जात नाहीत.

जुन्या लॅपटॉपला नक्की काय नडते?

आकडेमोडीची ताकद बऱ्याचदा नडत नाही. पहिली अडचण आहे हार्ड डिस्क. फिरणाऱ्या तबकडीवर माहिती शोधायला काही हजारांश सेकंद जातात आणि प्रोसेसरच्या हिशेबात हा काळ म्हणजे कोट्यवधी ठोके. लॅपटॉप सुरू व्हायला पाच मिनिटे लागतात, तेव्हा आय५ गणित करत नसतो, डिस्कची वाट पाहत असतो. त्या जागी साटा एसएसडी बसवली आणि रॅम ८ जीबी केली, की २०११चा लॅपटॉपही रोजच्या कामाला हलका वाटू लागतो. याच पिढीच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये रॅम आणि डिस्क पेचकसाने बदलता येते. आजच्या अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाख देऊन बसवलेली असते, हेही सांगायला हवे.

दुसरी अडचण व्हिडिओची. ऑनलाइन लेक्चर सुरू केले की पंखा घरघरतो, लॅपटॉप तापतो, चित्र अडखळते. सँडी ब्रिजमध्ये एच.२६४ प्रकारचा व्हिडिओ उलगडण्यासाठी खास विभाग आहे. पण यूट्यूब आता बरेच व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ या नव्या प्रकारांत पाठवते. त्यांची भाषा या विभागाला येत नाही, त्यामुळे सगळा भार दोन कोअरवर पडतो. ब्राउझरमध्ये एच.२६४च मागवणारी एक्स्टेन्शन मिळतात. त्यांनी अनेकदा पंखा शांत होतो. याबाबतीत थ्रेडरिपरही काही वेगळा नाही. त्यातही असा विभाग नाही, ते काम त्याचे ग्राफिक्स कार्ड करते. कार्डाने केले नाही तरी त्याला जाणवत नाही, एवढेच.

तिसरी अडचण सॉफ्टवेअरची. एव्हीएक्स२ नावाचा सूचनांचा संच इंटेलने २०१३ मध्ये आणला. सँडी ब्रिजमध्ये तो नाही आणि काही नवी सॉफ्टवेअर त्याशिवाय सुरूच होत नाहीत. जानेवारी २०१८ मध्ये उघड झालेल्या ‘मेल्टडाउन’ आणि ‘स्पेक्टर’ या प्रोसेसरमधील त्रुटींवरच्या दुरुस्त्यांनी जुन्या चिपांचा वेगही काहीसा खाल्ला. २०१५च्या आसपासच्या किंवा त्याआधीच्या इंटेल प्रोसेसरवर काही वापरकर्त्यांना मंदपणा जाणवेल, असे मायक्रोसॉफ्टनेच तेव्हा म्हटले होते.

आणि चौथी, सर्वांत निर्णायक, ‘विंडोज ११’ची. मोजके अपवाद सोडता मायक्रोसॉफ्ट इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचेच प्रोसेसर अधिकृतपणे मान्य करते, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते. २०११चा आय५ या दारातून आत येत नाही. तो चालतो, पण त्याच्यावरचे विंडोज १० आता नियमित सुरक्षा दुरुस्त्यांविना आहे. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करणे टाळलेले बरे. लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकले तर सुरक्षा दुरुस्त्या सुरू राहतात. मात्र टॅलीसारखी विंडोजवरची सॉफ्टवेअर ज्यांना रोज लागतात, त्यांना हा मार्ग सोयीचा पडत नाही. त्यांनी या पिढीवर नव्याने पैसे घालू नयेत.

‘आय५’ आणि ‘आय७’ यांवरून काय कळते?

एकट्या या अक्षरांवरून फारसे काही नाही. २०११च्याच आय७-२६२०एम मध्ये दोनच कोअर होते. आय७-२६३०क्यूएम मध्ये चार. दोन्हींवर स्टिकर मात्र आय७चे. पाहायचा तो डॅशनंतरचा आकडा. आय५-२५२०एम मधला पहिला २ म्हणजे दुसरी पिढी. आय५-८२५०यू मधला ८ म्हणजे आठवी. चार अंकांऐवजी पाच अंक असतील किंवा चार अंकांची सुरुवात १ ने होत असेल, तर पहिले दोन पिढी सांगतात.

हा आय५-८२५०यू एक चांगला धडा आहे. २०१७च्या या प्रोसेसरचा मूळ वेग फक्त १.६ गिगाहर्ट्झ. दुकानात २.५ आणि १.६ हे दोन आकडे शेजारी दिसले, की ग्राहक साहजिकच पहिल्याकडे झुकतो. प्रत्यक्षात १.६ वाल्यात चार कोअर आहेत, गरजेला तो ३.४ पर्यंत जातो, कॅश दुप्पट आहे, वीज निम्म्याहून कमी म्हणजे १५ वॉट लागते आणि विंडोज ११ चालते. २०२२च्या कोअर आय३-१२१५यू मध्ये तर सहा कोअर आहेत आणि तो ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचतो. हा ‘आय३’ २०११च्या ‘आय७’लाही मागे टाकतो.

दुकानात काय तपासावे?

लॅपटॉप चार्जरला जोडलेला ठेवून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तिन्ही कळा एकत्र दाबाव्यात. टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या ‘परफॉर्मन्स’ भागात ‘सीपीयू’वर गेले, की प्रोसेसरचे पूर्ण नाव, मूळ वेग, कोअर आणि लॉजिकल प्रोसेसरची संख्या दिसते. स्टिकर बदललेले असू शकते, इथले नाव सहसा खरे असते. शेजारच्या ‘डिस्क’मध्ये एसएसडी आहे की एचडीडी, हे लिहिलेले असते.

मग मोबाइलचे हॉटस्पॉट देऊन यूट्यूबवरचा एक मोठा व्हिडिओ पूर्ण पडद्यावरील गुणवत्तेत लावावा, आणखी चार-सहा टॅब उघडावेत आणि दहा-पंधरा मिनिटे ‘स्पीड’च्या आकड्याकडे लक्ष ठेवावे. सीपीयूचा वापर शंभर टक्क्यांजवळ असतानाही हा आकडा मूळ वेगाच्या बराच खाली जाऊन तिथेच थांबला, तर बहुधा हीटसिंकमध्ये धूळ साचली आहे किंवा प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळली आहे. चिप स्वतःला वाचवण्यासाठी ठोके कमी करते. असा लॅपटॉप घ्यायचा असेल, तर पैसे देण्याआधीच दुकानदाराकडून पंखा साफ करून आणि पेस्ट बदलून घ्यावी आणि तीच चाचणी पुन्हा लावावी.